सूर चोख, तरी मेम्फिस-मसल शोल्सचा बाज का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सहा जणांचा बँड आहे: ड्रम्स, बेस, इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड आणि दोन गायिका. कीबोर्डवाला मूळचा पेटीवादक, दोघी गायिका शास्त्रीय शिकलेल्या. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेम्फिस आणि मसल शोल्सची सोल गाणी बसवली, कॉर्ड तपासून घेतल्या, सूर चोख लागतात. तरी रेकॉर्ड ऐकताना जो भार जाणवतो तो इथे येत नाही. ब्लूज (तिथल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत), गॉस्पेल (त्यांच्या चर्चमधलं गाणं) आणि सोल यांत आधी काय शिकावं? तिथल्या लोकांना आपल्या गावांच्या संगीताचा इतका अभिमान कशासाठी? आणि गायिकांपैकी एक जण अटलांटाला बहिणीकडे जाणार आहे, तर तिने तिकडे काय पाहावं?

अभिमानाचा प्रश्न आधी घेतो, कारण बाजाचं उत्तर त्यातच आहे.

रोबक ‘पॉप्स’ स्टेपल्स हा एक माणूस धरून चला. जन्म १९१४ चा, मिसिसिपीतल्या वायनोनाजवळचा. तो वाढला डॉकरी नावाच्या कापसाच्या मळ्यावर. त्याच मळ्यावर ब्लूजचा गायक-गिटारवादक चार्ली पॅटन वाजवायचा आणि त्याचं ऐकून पॉप्सने गिटार हातात धरली. म्हणजे हात ब्लूजचा. १९३०च्या दशकात तो शिकागोला गेला आणि पुढे मुलांना घेऊन चर्चमध्ये गाऊ लागला. तेच द स्टेपल सिंगर्स. गळा गॉस्पेलचा. १९६८ साली मेम्फिसच्या स्टॅक्स या सोलच्या कंपनीने त्यांच्याशी करार केला. आणि १९७२ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं त्यांचं ‘आय’ल टेक यू देअर’ ध्वनिमुद्रित झालं अलाबामातल्या शेफील्डमध्ये, ३६१४ जॅक्सन हायवे या पत्त्यावरच्या मसल शोल्स साउंड स्टुडिओत. डेल्टातला (मिसिसिपी राज्याच्या वायव्येकडच्या कापूसपट्ट्यातला) मळा, चर्च, मेम्फिसची कंपनी आणि अलाबामाचे वादक, सगळं एकाच घराच्या वाटेवर लागलं.

उलट बाजूनेही हीच ये-जा होती. गॉस्पेलचा जनक म्हणतात तो थॉमस डॉर्सी आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूजचा पियानो वाजवायचा. १९३२ साली बाळंतपणात बायको गेल्यावर त्याने ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ लिहिलं. शब्द देवाचे झाले, बोटं तीच राहिली. सोल गायिका अरिथा फ्रँकलिनचा जन्म मेम्फिसचा, आणि तिचे वडील मिसिसिपीतून आलेले नावाजलेले प्रवचनकार. म्हणून ‘आधी काय शिकावं’ याचं उत्तर: तीन वेगळे अभ्यासक्रम करू नका. गॉस्पेलचा ठेका आणि कौल-जबाब (एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं) आधी अंगात मुरवा. ब्लूजचे स्वर त्यावर बसतील आणि सोल त्या दोन्हींतून निघेल. बहुतेक बँड सोलच्या रेकॉर्डपासून सुरुवात करून मागे येतात. त्यामुळे वरचा रंग मिळतो, खालचा पाया मिळत नाही.

आता गावांविषयी. मसल शोल्स म्हणताना लोक चार गावं मिळून बोलतात: फ्लॉरेन्स, शेफील्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स, टेनेसी नदीच्या दोन काठांवर. मेम्फिस तिथून साधारण २४० किलोमीटर, म्हणजे पुणे ते कोल्हापूर. या छोट्या गावांच्या वेशीवर ‘जगाची हिट ध्वनिमुद्रणाची राजधानी’ अशा अर्थाची पाटी लागली आणि तिथल्या माणसाला त्यात काही अतिशयोक्ती वाटत नाही. ब्लूजची गाणी छापून देशभर नेणारा डब्ल्यू. सी. हँडी फ्लॉरेन्सचा, जन्म १८७३. पर्सी स्लेज शेफील्डच्या दवाखान्यात मदतनीस होता. १९६६ मध्ये त्याने गावातल्याच स्टुडिओत गायलेलं ‘व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन’ देशात पहिलं आलं. मसल शोल्समधल्या रिक हॉलच्या फेम स्टुडिओत १९६७ च्या जानेवारीत अरिथा आली. तिथला कीबोर्डवादक स्पूनर ओल्डहॅमने वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानोवर एक घोळवत नेलेली लकेर काढली आणि अडलेलं गाणं मार्गी लागलं.

या अभिमानात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तो गायकांपेक्षा जास्त घरच्या वादकांचा आहे. मसल शोल्समध्ये चौघं: ड्रम्सवर रॉजर हॉकिन्स, बेसवर डेव्हिड हुड, गिटारवर जिमी जॉन्सन, कीबोर्डवर बॅरी बेकेट. १९६९ साली त्यांनी फेम सोडून स्वतःचा स्टुडिओ काढला. मेम्फिसला स्टॅक्सचे चौघं: बुकर टी. जोन्स, स्टीव्ह क्रॉपर, डोनाल्ड ‘डक’ डन आणि अल जॅक्सन धाकटा. गायक बदलत राहिले, हे चौघं रोज त्याच खोलीत बसले. भजनी मंडळात वर्षानुवर्षं एकत्र बसणाऱ्या पखवाजी आणि टाळकऱ्यांचं जसं होतं, तसं त्यांचं झालं. एकमेकांच्या आधी कोणी घुसत नाही.

आणि तो अभिमान दुखऱ्या जागेवरचा आहे, हेही माहीत असू द्या. १९६३ साली अलाबामाचा गव्हर्नर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभा राहिला होता. त्याच राज्यात, त्याच दशकात, कृष्णवर्णीय गायक आणि गोरे वादक एका खोलीत बसून गाणं करत होते. स्टॅक्सच्या चौघांत दोन कृष्णवर्णीय, दोन गोरे. शहरात त्यांना एकत्र बसायला निर्धास्त जागा थोड्याच होत्या; लॉरेन मोटेल त्यातली एक. तिथल्या खोल्यांत गाणी लिहिली गेली. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली तीही तिथेच. ज्या संगीतावर हा प्रदेश आज मिरवतो ते घडवणाऱ्यांचे आई-बाप त्याच प्रदेशाच्या कापसात राबले. ही गाणी रंगमंचावर घेताना हे ठाऊक असलं की आवाजातला उगाचचा उत्साह आपोआप कमी होतो.

आता तुमच्या बँडकडे येऊ. दोष बहुधा पाच ठिकाणी आहे आणि त्यातला सर्वांत मोठा लयीचा.

आपल्या कानाला समेवर वजन द्यायची सवय असते. या संगीतात वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतं. पहिली मात्रा बेस आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) सांभाळतात, टाळी मात्र दोन-चारला. गॉस्पेलच्या संथ गाण्यात चार मात्रा असतात आणि प्रत्येक मात्रेचे तीन भाग: एक-दोन-तीन, चार-पाच-सहा, सात-आठ-नऊ, दहा-अकरा-बारा. स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) चारवर आणि दहावर. आपली माणसं नकळत एकवर आणि सातवर टाळी देतात, कारण कान सम आणि खाली शोधतो. गाण्याचा झोका तिथेच मोडतो. सहाही जणांनी वाद्यं बाजूला ठेवून, पायाने चारही मात्रा आणि हाताने फक्त दोन-चार, असं दहा मिनिटं करावं. पर्सी स्लेजचं गाणं याच बाराच्या चालीत आहे. त्याच्याबरोबर टाळी देऊन पाहा, कोण कुठे घसरतं ते लगेच कळेल.

दुसरी पायरी म्हणजे मागे बसणं. १९६५ साली स्टॅक्समध्ये ‘इन द मिडनाइट अवर’ बसवताना अटलांटिक रेकॉर्ड्सच्या जेरी वेक्सलरने न्यूयॉर्कची पोरं कशी नाचतात ते स्वतः नाचून दाखवलं आणि दोन-चारचा ठोका किंचित उशिरा द्यायला सांगितला. अल जॅक्सनचा स्नेअर आणि क्रॉपरची गिटार दोन्ही मिळून तो ठोका मागे टाकतात. गाण्याचा वेग ११० धरला तर एक मात्रा साधारण ५४५ मिलिसेकंदांची होते; त्यात हा उशीर १५ ते २५ मिलिसेकंदांचा ठेवा. ४० च्या पुढे गेला की चूक वाटते.

इथे हमखास होणारी गफलत अशी की ‘मागे बसा’ म्हटलं की सगळेच मागे बसतात आणि लय पडते. मागे फक्त दोन-चारचा ठोका जातो. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी), किक आणि बेस जागच्या जागी. मेट्रोनोम ५४ वर लावा आणि त्याचा प्रत्येक ठोका ‘दोन’ आणि ‘चार’ समजा. गाणं १०८ ने चालेल. पहिली मात्रा कोणी सांगणार नाही, ती तुम्हालाच धरावी लागेल. हे पाच मिनिटं न सांडता जमलं की मग क्लिकसह रेकॉर्ड करून लहरींचं चित्र संगणकावर मोठं करून पाहा. फिल्मी ऑर्केस्ट्रातून आलेल्या ड्रमरचा स्नेअर बहुतेक वेळा क्लिकच्या पुढे पडलेला दिसतो. कानाला ते जोशपूर्ण वाटतं, पण गायिकेला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

ड्रम्सचा आवाज कोरडा हवा. स्नेअरवर घडी घातलेला पंचा किंवा पाकीट ठेवा (अल जॅक्सनच्या नावाने ही पाकिटाची युक्ती सांगतात), किकच्या आत उशी किंवा चादर, आणि झांज फक्त कडव्याच्या तोंडाशी. फिल (ओळींच्या मधला ड्रम्सचा भरणा) किती? आठ आवर्तनांत एक, तोही अर्ध्या मात्रेचा. रॉजर हॉकिन्सचं ऐका: तो कुठे वाजवत नाही याची यादी केली तर निम्मं शिक्षण तिथेच होतं.

बेसला सपाट वेटोळ्याच्या तारा, म्हणजे फ्लॅटवाउंड, लावा. गोल वेटोळ्याच्या नव्या तारा झणझणतात आणि किकशी भांडतात. तारा बदलायच्या नसतील तर ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी सरकवा आणि टोनचं बटण पाव भागापर्यंत खाली आणा. स्वर सुरू कुठे होतो यापेक्षा तो कुठे संपतो ते महत्त्वाचं: एकवर लागलेला स्वर स्नेअर पडायच्या आत बंद झाला पाहिजे. स्नेअरच्या ठोक्याला बेस मोकळा सोडला की तोच ठोका दुप्पट जड वाटतो. ज्या भाराविषयी तुम्ही विचारलंत, त्याचा मोठा हिस्सा इथे आहे.

गिटारचं काम थोडं आणि नेमकं. १० ते १५ वॉटचा छोटा अ‍ॅम्प पुरे, आवाज फाटायला (डिस्टॉर्शन) नको. दोन-चारवर स्नेअरबरोबर एक छोटा झटका, वरच्या तीन-चार तारांवर, आणि लगेच डाव्या हाताची पकड सैल करून आवाज तोडायचा. भरणा करायचा तर षष्ठाच्या (एकापासून सहाव्या स्वराच्या) जोड्या वापरा: तिसऱ्या तारेचा नववा पडदा आणि पहिल्या तारेचा आठवा, ही पांढरी एकच्या कॉर्डवरची जोडी. दोन्ही बोटं एकदम दोन पडदे खालून घसरत आणा. मधली तार बोटाने दाबून मुकी ठेवा, नाहीतर नको तो स्वर मध्ये वाजतो. पॉप्स स्टेपल्सचा थरथरता आवाज हवा असेल तर ट्रेमोलो लावा, पण त्याचा वेग गाण्याशी जुळवा. संथ गाणं ६० च्या लयीत असेल तर सेकंदाला तीन थरथरी, म्हणजे प्रत्येक मात्रेचे तीन भाग. न जुळवलेला ट्रेमोलो आणि ड्रम्स यांची कुरबुर सबंध गाणंभर ऐकू येत राहते. ट्रेमोलोची खोली निम्म्यावर ठेवा.

आता कीबोर्ड. तुमच्या पेटीवादकाची एक सवय कामाची आहे आणि एक सोडावी लागेल.

कामाची म्हणजे भात्याची. हॅमंड ऑर्गनच्या पट्टीवर बोट जोरात मारा की हळू, आवाज तेवढाच येतो. स्वराला फुगवणं-ओसरवणं सगळं उजव्या पायाखालच्या एक्स्प्रेशन पेडलवर. पेटीवादकाला भाता जे करतो तेच हे, फक्त हाताऐवजी पाय. कीबोर्डला हे पेडल घ्याच. ते सस्टेनच्या नव्हे, एक्स्प्रेशनच्या छिद्रात लावा, आणि आरंभ नेहमी निम्म्या दाबावर ठेवा म्हणजे वर जायला जागा राहते. नऊ ड्रॉबारची (स्वराचे थर कमी-जास्त करणाऱ्या ओढपट्ट्यांची) मांडणी सुरुवातीला ८८८००००००, म्हणजे पहिले तीन पूर्ण बाहेर, बाकीचे आत. गाणं चढत जाईल तसे उजवीकडचे ड्रॉबार एकेक बाहेर. चर्चमध्ये सगळी मंडळी उभी राहतात तेव्हा नऊच्या नऊ बाहेर असतात. पर्कशन (स्वराच्या सुरुवातीला ठोका देणारी सोय) सुरू असताना शेवटचा ड्रॉबार मुका होतो. तो बिघाड नाही, यंत्राची रचनाच तशी आहे. फिरत्या लेस्ली स्पीकरचा वेग बहुतेक वेळ संथ ठेवा आणि ओळ संपताना जलद करा. वेग घ्यायला त्याला क्षणभर लागतो, त्यामुळे कळ मात्राभर आधी दाबायची. सबंध गाणं जलद वेगावर ठेवणं ही नवशिक्यांची सर्रास चूक आहे, त्याने सगळं फेसाळ होतं.

सोडायची सवय म्हणजे सावलीसारखी साथ. पेटीवाला गायकाचा प्रत्येक स्वर धरतो, हरकतीमागे हरकत घेतो. गॉस्पेलमध्ये ऑर्गन गायिकेच्या चालीवर चालत नाही. ती गाते तेव्हा तो लांब स्वर धरून बसतो किंवा गप्प राहतो, आणि तिने ओळ सोडली की त्या रिकाम्या जागेत उत्तर देतो. तुमच्या बँडमध्ये गायिका आणि ऑर्गन एकाच वेळी एकच चाल वाजवत असतील, तर ‘कॉपी’ वाटण्याचं ते मोठं कारण आहे. सरावात गायिका गात असताना उजवा हात मांडीवर ठेवायचा, एवढा एकच नियम दोन आठवडे पाळा.

स्वरांविषयी आपल्या भाषेत सांगतो. पांढरी एक सा धरा. ब्लूजची साधी बारा आवर्तनं अशी: चार सा ची, दोन म ची, दोन सा ची, एक प ची, एक म ची, दोन सा ची. तीनही कॉर्डमध्ये त्या-त्या मुळाचा कोमल नी असतो. घरच्या सा च्या कॉर्डवरसुद्धा कोमल नी असतो आणि तरी ती विसाव्याची जागा मानतात. ही सवय कानाला लावून घ्यावी लागते. गॉस्पेलमध्ये यावर एक जिना येतो, तो पेटीवरही करून पाहता येईल: आधी म-ध-सा, तळात म. मग तीव्र म-ध-सा-कोमल ग, तळात तीव्र म. मग प-सा-ग, तळात प. तळ एकेक पट्टी वर चढतो, सा जागचा हलत नाही, कोमल ग शुद्ध ग मध्ये विरघळतो. चर्चमध्ये शेवटच्या कडव्याला अंगावर काटा येतो तो पुष्कळदा या तीन पायऱ्यांवर. घाई केली तर जिना जाणवतच नाही; मधल्या पायरीला पूर्ण मात्रा द्या.

गायिकांसाठी. ब्लूजचा ग कोमलही नाही, शुद्धही नाही. ऑर्गन खाली शुद्ध ग धरून असतो आणि गायिका कोमलकडून निघून शुद्धच्या अलीकडेच थांबते. शास्त्रीय शिकलेल्या गळ्याला हे ‘स्वर लागला नाही’ असं वाटतं आणि तो सवयीने दुरुस्त करतो. तिथेच ब्लूज निघून जातो. कोमल नी देखील पेटीपेक्षा थोडा उतरलेला असतो. गॉस्पेलच्या ताना मोठ्या प्रमाणात सा-रे-ग-प-ध या पाच स्वरांतून उतरतात. म्हणजे भूपाचेच स्वर, आणि धोकाही तोच: ग वर न्यास करून सावकाश बसलात की भूप ऐकू येऊ लागतो. तान उतरत्या अंगाने, झटकन, आणि शब्दाच्या शेवटी. मींड नको, कणस्वरांची नक्षीही नको.

दोघी गायिका सतत दोन पट्ट्यांत एकत्र गात असतील तर ते थांबवा. एक जण ओळ टाकेल, दुसरी उत्तर देईल. उत्तर छोटं, दरवेळी तेच आणि तेवढंच. बदलायचा अधिकार पुढारी गायिकेचा. वारकरी कीर्तनात टाळकरी चरण उचलतात त्याच्याशी याचं नातं ओळखीचं वाटेल, पण एक फरक आहे. इथे उत्तर देणारे पुढारी गायिकेची ओळ पुरी व्हायच्या आधीच सुरू होतात, दोन्ही टोकं एकमेकांवर चढतात. गाण्याच्या अखेरीस एकच तुकडा पुन्हापुन्हा घेतात, त्याला व्हॅम्प म्हणतात. त्याची लांबी आधी ठरवू नका. गायिकेने हात वर केला की वाढवायचं, मूठ मिटली की थांबायचं. ही खूण ड्रमरला दिसेल अशी मांडणी रंगमंचावर करा; बहुतेक बँड गायिकांना ड्रमरकडे पाठ करून उभं करतात आणि शेवट विस्कटतो.

सरावासाठी ‘आय’ल टेक यू देअर’ हेच गाणं घ्या. ठेका जमैकाच्या संगीतातून आलेला, आणि कॉर्ड अथपासून इतिपर्यंत दोनच: सा आणि म. कडवं-ध्रुपद असं काही नाही. हे दोन कॉर्ड दहा मिनिटं, आवाज न वाढवता, फिल न टाकता वाजवा. सहाव्या-सातव्या मिनिटाला कोणीतरी कंटाळून काहीतरी सजवायला लागतं. रेकॉर्डिंग थांबवून नेमकी तीच जागा ऐका, कारण कार्यक्रमातही भार तिथेच सांडतो. पहिली वीस मिनिटं फक्त बेस-ड्रम्स, मग गिटार, मग ऑर्गन, शेवटी गळे. गायिकांना शेवटपर्यंत ताटकळत ठेवू नका. त्यांनी या वेळात टाळी धरावी.

कॉर्ड कागदावर लिहायच्या तर नॅशव्हिलची आकडेपद्धत घ्या: सा ची कॉर्ड १, म ची ४, प ची ५. सरगम येणाऱ्याला ती पाच मिनिटांत कळते, आणि गायिकेसाठी पट्टी बदलली तरी कागद तोच राहतो.

रेकॉर्डिंग करणार असाल तर सगळे एका खोलीत, एकाच वेळी वाजवा. स्टॅक्सचा स्टुडिओ जुन्या चित्रपटगृहात होता, उतरती जमीन तशीच ठेवलेली. वादक एकमेकांना पाहत वाजवायचे. तुम्ही आधी एक सोपी चाचणी घ्या: खोलीच्या मधोमध फोन ठेवून गाणं वाजवा. गायिकेचा प्रत्येक शब्द कळला नाही तर माइक वाढवू नका, बँड कमी करा. मग ड्रम्सवर एक माइक स्नेअरच्या मीटरभर वर आणि एक किकसमोर, गिटारच्या अ‍ॅम्पला एक, गायिकांना दोघींत एक. दोन माइकमधलं अंतर प्रत्येक माइक आणि त्याच्या वाद्यातल्या अंतराच्या तिप्पट ठेवा, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून ड्रम्स पोकळ वाटतात. वेगवेगळं रेकॉर्ड करून नंतर जोडलेलं हे संगीत नीटनेटकं होतं, पण त्यात कोणी कोणाला उत्तर देत नाही.

एक गैरसमज दूर करतो. मुंबईत २०११ साली सुरू झालेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात पहिल्याच वर्षी गिटारवादक-गायक बडी गाय आला, आणि इकडच्या पुष्कळांनी ब्लूज म्हणून तोच बाज मनात धरला. तो शिकागोचा इलेक्ट्रिक ब्लूज: मोठा आवाज, गिटारचा लांब सोलो. मूळ दक्षिणेतलाच, पण फांदी वेगळी. तुम्ही धरलेल्या बाजात लांब सोलो जवळजवळ नसतो.

अटलांटाच्या पाहुणीसाठी चार दिवस पुरतात. अटलांटा ते मसल शोल्स साधारण ४०० किलोमीटर. तिथे फेम आणि ३६१४ जॅक्सन हायवे दोन्ही आतून पाहता येतात, आणि फ्लॉरेन्समध्ये हँडीचं लाकडी ओंडक्यांचं जन्मघर आहे. दुसऱ्या दिवशी मेम्फिस. स्टॅक्सची मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली गेली. पुढे त्याच जागी, पूर्वीच्याच चेहऱ्याने, २००३ साली संग्रहालय उघडलं. त्यात शिरल्यावर सुरुवातीलाच मिसिसिपी डेल्टातून उचलून आणलेलं शंभराहून जास्त वर्षांचं एक छोटं लाकडी चर्च उभं आहे. रेकॉर्ड, वाद्यं, कपडे हे सगळं त्यानंतर. तिथे घाई करू नये.

रविवार मेम्फिसमध्येच येईल असं बघा. सोल गायक अल ग्रीनचं फुल गॉस्पेल टॅबरनॅकल चर्च पाहुण्यांना सरावलेलं आहे. उपासना आहे, कार्यक्रम नाही: कपडे नीट, फोन बंद, दानाची थाळी आली की त्यात काहीतरी टाकायचं, आणि दोन-अडीच तास बसायची तयारी ठेवायची. मागच्या बाकावर बसून फक्त ऑर्गनवाल्याचा उजवा पाय आणि समूहगानाच्या टाळ्या बघाव्यात. प्रवचनाचं बोलणं हळूहळू सुरात जातं आणि ऑर्गन वाक्यांच्या मधल्या जागा भरायला लागतो, तो क्षण तुमच्या कीबोर्डवाल्याला शब्दांत नीट सांगता यावा इतक्या लक्षाने ऐकावा.

शेवटचा टप्पा डेल्टाचा. मेम्फिसहून क्लार्क्सडेल सुमारे १२० किलोमीटर. तिथे १९७९ पासूनचं डेल्टा ब्लूज म्युझियम आहे. वाटेत ठिकठिकाणी मिसिसिपी ब्लूज ट्रेलच्या निळ्या पाट्या दिसतील. त्यातली पहिली २००६ साली हॉली रिजला चार्ली पॅटनच्या कबरीजवळ लागली. टटवायलरलाही थांबावं: तिथल्या रेल्वे स्टेशनवर, १९०३च्या सुमारास, हँडीने एका माणसाला गिटारच्या तारांवर सुरी घासून वाजवताना ऐकलं होतं. फ्लॉरेन्सला ज्याचं जन्मघर पाहिलं, तोच हा हँडी. तिथून पुढे क्लीव्हलंड आणि रूलव्हिल यांच्या मध्ये, हायवे ८ च्या कडेला, डॉकरीच्या मळ्याच्या जुन्या इमारती उभ्या आहेत. कापसातली सरकी काढायचं घर, भिंतीवर रंगवलेलं नाव आणि १८९५ हे स्थापनेचं साल. पोरवयातल्या पॉप्स स्टेपल्सने पॅटनची गिटार ऐकली ती याच मळ्यावर.